फ्रीजचा दिवा काढला का गं?

शुक्रवारची दुपार. जेरुसलेममधल्या मुलींच्या वसतिगृहात या वेळी खोल्याखोल्यांतून एकच प्रश्न ओरडून विचारला जातो आणि त्याचा अभ्यासाशी काडीचा संबंध नसतो. फ्रीजमधला दिवा काढला का? संध्याकाळी शब्बात, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, लागतो. शब्बातला विजेचं बटण दाबायचं नाही, दिवा लावायचा नाही, मालवायचाही नाही. फ्रीजचं दार उघडलं की आतला दिवा आपोआप लागतो, म्हणजे तो काढून ठेवायचा राहिला तर शनिवारी रात्रीपर्यंत दाराला हात लावायची सोय नाही. आत सहा जणींचं जेवण, बाहेर सहा जणी. विसरणारीचं नाव मग वर्ष संपेपर्यंत निघत राहतं.

या मुली अठरा-एकोणीस वर्षांच्या. ब्रुकलिन, न्यू जर्सी, टोरांटो, लंडन, मेलबर्न, जोहान्सबर्ग, कुठून कुठून आलेल्या. बारावी झाली की कॉलेजात पाऊल टाकण्याआधी एक वर्ष इस्रायलमध्ये धर्मग्रंथ शिकायचे, ही ऑर्थोडॉक्स ज्यू घरांत आता रीतच होऊन बसली आहे. संस्थेला म्हणतात सेमिनरी किंवा मिद्राशा. मुलींच्या तोंडी नुसतं ‘सेम’. फी वीस हजार डॉलरच्या पुढे, विमानाचं तिकीट वेगळं. पदवी मिळत नाही. न्यूयॉर्कच्या स्टर्न कॉलेजसारख्या काही संस्था या वर्षाचे गुण पुढच्या पदवीत धरतात, एवढाच व्यवहारी फायदा. तरी प्रवेशासाठी चुरस. नामांकित सेमिनरीची माणसं मुलाखती घ्यायला हिवाळ्यात थेट न्यूयॉर्कला येतात आणि तेवढे दिवस तिथल्या ज्यू मुलींच्या शाळांमध्ये दुसरा विषय नसतो.

आई, फोन उचलू नकोस

शब्बात साधारण पंचवीस तासांचा. पण न्यूयॉर्कची मुलगी जेरुसलेमला असेल तर तिचा हिशेब बत्तीस तासांवर जातो. तिचा शब्बात शनिवारी रात्री संपला तेव्हा ब्रुकलिनमध्ये शनिवारची सकाळ किंवा दुपार असते. तिथे घड्याळ सात तास मागे. आईचा शब्बात अजून चालू, फोन वाजला तरी ती उचलणार नाही, आणि लेक धार्मिक असेल तर मुळात लावणारही नाही. मेलबर्नच्या मुलीचं उलटं. तिच्या आईचा शब्बात आधी संपतो, पण लेकीचा चालूच असतो. तिला आईशी बोलायचं तर शुक्रवारी सकाळीच उरकावं लागतं. आठवडाभर फोनवर बोलायला काही नसणाऱ्या मुलींना नेमक्या याच तासांत घरची आठवण येते, असं म्हणतात.

फोनचं आणखी एक. कडक परंपरेच्या सेमिनरीत स्मार्टफोन चालत नाही, चाललाच तर इंटरनेटला गाळणी बसवलेला. इस्रायलमध्ये ‘कोशेर फोन’ नावाचा प्रकार दुकानात मिळतो. इंटरनेट नाही, मेसेज नाही, फक्त बोलणं. त्याच्या नंबरांची सुरुवातही ठरावीक असते, त्यामुळे नंबर पाहिला की समोरच्या घरातलं वातावरण कळतं.

चहा करायचा? मग दुसरा कप आण

शब्बातला निषिद्ध कामांचे ३९ प्रकार आहेत. पेरणी, कापणी, विणणं, लिहिणं, फाडणं, विस्तव पेटवणं, शिजवणं वगैरे. ‘शिजवणं’ म्हणजे नेमकं काय, यावर ग्रंथच्या ग्रंथ भरलेत आणि त्यांचा प्रत्यक्ष प्रयोग शनिवारी सकाळी चहाच्या कपात होतो.

पाणी शुक्रवारीच उकळून मोठ्या विजेच्या बंबात ठेवलेलं असतं. तोटी सोडून ते एका कोरड्या कपात घ्यायचं. कोरड्याच, कारण कपात थेंबभर गार पाणी राहिलं असेल तर ते थेंब ‘शिजले’ असं होईल. या कपात चहाची पुडी टाकायची नाही. पाणी अजून शिजवण्याइतकं गरम मानलं जातं आणि चहाची पत्ती चटकन शिजणारी. म्हणून ते पाणी दुसऱ्या कपात ओतायचं. आता काही गुरूंच्या मते पुडी चालते. काहींच्या मते इथेही नाही, त्यांनी शुक्रवारीच घट्ट कोरा चहा करून बाटलीत भरलेला असतो, तो वरून घालायचा. एका खोलीत चार मुली आणि चौघींच्या घरची रीत वेगळी असली की एका चहाला पंधरा मिनिटं जातात. पण ही पंधरा मिनिटं फुकट गेली असं तिथे कोणी मानत नाही. वर्गात जे तीन आठवडे शिकवलं ते इथे पाठ होतं.

निवडणं हेही त्या ३९ कामांपैकी एक. वाडग्यात बदाम, बेदाणे आणि शेंगदाणे एकत्र आहेत, तुम्हाला बेदाणे आवडत नाहीत. बेदाणे वेचून बाजूला काढलेत तर ते निवडणं झालं, निषिद्ध. बदाम उचलून लगेच तोंडात टाकलेत तर ते खाणं झालं, खुशाल खा. हवं ते घ्यावं, नको ते काढू नये. मला हा नियम फार आवडला.

छत्री उघडायची नाही, कारण ते छप्पर उभारण्यासारखं. जेरुसलेमचा हिवाळा पावसाचा, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीतल्या शनिवारी चिंब भिजून पाहुणचाराला पोचायचं. आणि टॉयलेट पेपर? शुक्रवारीच फाडून ठेवलेला.

वाचनालय नव्हे, मासळीबाजार

अभ्यासाच्या दालनाला बेत मिद्राश म्हणतात. आत पाऊल टाकल्यावर पहिला धक्का आवाजाचा बसतो. ‘शांतता राखा’ अशी पाटी कुठे दिसायची नाही. दोघी-दोघींच्या जोड्या समोरासमोर बसून मोठ्याने वाचतात आणि मोठ्यानेच भांडतात. या जोडीला हवरुता म्हणतात. एकीने अर्थ सांगायचा, दुसरीने तो पाडायचा. ग्रंथाच्या पानाची रचनाच तशी आहे. मधोमध मूळ मजकूर आणि भोवती वेगवेगळ्या शतकांतल्या भाष्यकारांची चौकट. अकराव्या शतकातला फ्रान्सचा राशी एका बाजूला, त्याचं खोडून काढणारे नंतरचे पंडित दुसऱ्या बाजूला. राशीचं भाष्य ज्या वळणाच्या लिपीत छापतात ती लिपी त्याने कधी वापरलीच नव्हती. पुढे छापखानेवाल्यांनी मजकूर आणि भाष्य वेगळं दिसावं म्हणून तो टाइप घेतला आणि नाव त्याचं चिकटलं.

शांतपणे मान हलवणारी हवरुता कोणालाच नको असते. वर्षाच्या सुरुवातीला चांगली जोडीदारीण मिळावी म्हणून जी धावपळ चालते, ती खोलीतल्या खिडकीजवळच्या पलंगासाठीही चालत नाही.

एका शिंपिणीची गोष्ट

आता मजा अशी की या मुलींच्या खापरपणज्यांना हे शिक्षण नव्हतं. मुलींना तोरा, म्हणजे धर्मशास्त्र, शिकवावा की नाही, याचा वाद दोन हजार वर्षं जुना. मिश्ना या प्राचीन धर्मसंहितेतच दोन मतं शेजारीशेजारी आहेत. बेन अझाई म्हणतो, बापाने मुलीला शिकवलंच पाहिजे. रब्बी (धर्मगुरू) एलिएझर म्हणतो, शिकवणं म्हणजे तिला थिल्लरपणा शिकवणं. शतकानुशतकं पारडं एलिएझरकडे झुकलेलं राहिलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्राकोमध्ये याचे परिणाम दिसू लागले. मुलगे धार्मिक शाळेत, मुली मात्र सरकारी पोलिश शाळेत. मुली जर्मन कवी शिलर वाचायच्या, नाटकं बघायच्या, पोलिश बोलायच्या. घरी आल्या की भाऊ आणि बाप वेगळ्याच जगातले वाटायचे. काही घर सोडून गेल्या, काहींनी धर्मही सोडला. सारा शेनिरेर ही याच शहरातली, १८८३ मध्ये जन्मलेली शिंपीण. पहिल्या महायुद्धात कुटुंबासह व्हिएन्नाला आसरा घेतला असताना तिथल्या एका रब्बीचं प्रवचन तिच्या कानावर पडलं. परतल्यावर १९१७ मध्ये तिने पंचवीस मुलींना घेऊन शाळा काढली. नाव बेथ याकोव्ह. बेल्झ पंथाच्या प्रमुख रब्बींचा आशीर्वाद आधी मिळवला, हे तिचं शहाणपण. पोलंडमधले सर्वांत वजनदार पंडित हाफेत्झ हाइम यांनीही पुढे पाठिंबा दिल्यावर विरोधकांची तोंडं बंद झाली.

शिक्षिका हव्यात म्हणून सेमिनरी निघाली. १९३१ मध्ये स्तानिस्लावा रस्त्यावर तिची स्वतःची इमारत उभी राहिली. फ्रँकफुर्टहून युडिथ रोझेनबाउम नावाची तरुणी त्याआधीच सेमिनरीत शिकवायला आली होती आणि आणखीही देशांतून मुली शिकायला येऊ लागल्या. म्हणजे परदेशी ‘सेम’ला जायची पद्धत सुरू झाली ती जेरुसलेममध्ये नाही, क्राकोमध्ये. सारा १९३५ मध्ये गेली. तेव्हा बेथ याकोव्हच्या शाळा दोनशेच्या घरात होत्या. तिचं थडगं असलेली दफनभूमी नाझींनी प्लाशोव्हच्या छळछावणीखाली गाडली. तिच्या बहुतेक विद्यार्थिनीही नाझींच्या हातून मारल्या गेल्या. वाचलेल्या किंवा आधीच बाहेर पडलेल्या मोजक्या जणींनी ब्रुकलिन, लंडन आणि जेरुसलेममध्ये तेच पुन्हा सुरू केलं. इंग्लंडच्या उत्तरेतल्या गेट्सहेड गावी १९४४ मध्ये, युद्ध चालू असतानाच, मुलींची सेमिनरी निघाली. युरोपातल्या कडक परंपरेच्या घरांतल्या मुली आजही तिथे जातात.

तालमूद? मुलींना?

सगळ्या सेमिनरी एका माळेचे मणी नाहीत. बायित वेगान भागातली मिखलाला १९६४ ची, अभ्यासात कडक म्हणून नावाजलेली. नेव्हे येरुशलायिम १९७० ची, ती खास धार्मिक घरात न वाढलेल्या बायकांसाठी. तिथे एखादी वकील किंवा नृत्यांगना हिब्रू मुळाक्षरांपासून सुरुवात करते. कडक गटात मुलींना बायबलची पुस्तकं, कायदे, नीतिविचार शिकवतात. तालमूद, म्हणजे धर्मनियमांवरच्या वादचर्चांचा महाग्रंथ, मात्र नाही, तो मुलग्यांचा प्रांत.

या भिंतीला १९७० च्या दशकात भगदाड पडलं. १९७६ मध्ये रब्बी ब्रोव्हेंडर यांनी जेरुसलेममध्ये मुलींना तालमूद शिकवणारी मिखलेलेत ब्रुरिया काढली. आज ती मिद्रेशेत लिंडेनबाउम म्हणून ओळखली जाते. १९७७ मध्ये अमेरिकेतले सर्वांत मान्यवर ऑर्थोडॉक्स पंडित जोसेफ सोलोव्हेइचिक यांनी स्टर्न कॉलेजात मुलींसमोर तालमूदचा पहिला पाठ स्वतः घेतला. तेवढ्या एका तासाने जे साधलं ते शंभर परिपत्रकांनी साधलं नसतं. त्यांची नात एस्ती रोझेनबर्ग यांनी १९९७ मध्ये जेरुसलेमच्या दक्षिणेला गुश एत्झिऑनमध्ये मिग्दाल ओझ ही मिद्राशा सुरू केली.

१९९० मध्ये हाना हेन्किन यांनी काढलेल्या निश्मातने वेगळीच वाट धरली. पाळी, गर्भधारणा, पती-पत्नीचे संबंध यांविषयीच्या धर्मनियमांची पक्की तयारी करून घेऊन तिथून स्त्री सल्लागार बाहेर पडतात. पहिली तुकडी १९९९ ची. हे प्रश्न पिढ्यानपिढ्या नवऱ्यामार्फत रब्बीपर्यंत पोचायचे किंवा संकोचाने पोचायचेच नाहीत. आता बाई फोन लावते आणि बाईच उत्तर देते.

थडग्यावर एकच शब्द

या सगळ्यांच्या मास्तरीणबाई म्हणजे नेहामा लाइबोविट्झ. जन्म १९०५, रिगा. १९३० मध्ये जर्मनीत डॉक्टरेट घेऊन त्या जेरुसलेमला आल्या आणि पुन्हा देशाबाहेर गेल्याच नाहीत. १९४२ पासून त्या दर आठवड्याच्या तोरा-पाठावर प्रश्नांचा कागद काढून टपालाने पाठवू लागल्या. अवघड प्रश्नापुढे एक फुली, फार अवघड असेल तर दोन. उत्तरं यायची किबुत्झच्या सामूहिक शेतवस्त्यांमधून, सैन्याच्या छावण्यांतून, स्वयंपाकघरांतून. बाई प्रत्येक उत्तर स्वतः लाल शाईने तपासून परत पाठवायच्या. हा उद्योग जवळपास तीस वर्षं चालला, तोही बिनपगारी. १९९७ मध्ये त्या गेल्या. थडग्यावर त्यांच्याच इच्छेने नावापुढे एकच उपाधी आहे, शिक्षिका.

लाल सुरी, निळी सुरी

स्वयंपाकघरात मांसाचं सगळं वेगळं, दुधाचं वेगळं. ताटं, सुऱ्या, घासण्या, कधी मोऱ्यासुद्धा. लाल रंग मांसाचा, निळा दुधाचा, असा सर्रास संकेत. मांस खाल्ल्यावर दुधाचं कधी खायचं? बहुतेकांच्या घरी सहा तासांनी, जर्मन वळणाच्या घरी तीन, डच घराण्यात एक. त्यामुळे दुपारी चिकन झाल्यावर चार वाजता आइस्क्रीम निघालं की डच मुलीकडे बाकीच्या ज्या नजरेने बघतात ते विचारू नका.

भाजीतले किडे हाही अभ्यासक्रमाचा भाग. किडा खाणं धर्मात निषिद्ध, म्हणून ब्रोकोली, कोथिंबीर, लेट्युस पाण्यात भिजवून दिव्यासमोर पान पान धरून बघायला शिकवतात. दर सात वर्षांनी जमिनीला विश्रांती देण्याचं वर्ष येतं. गेलं २०२१-२२ मध्ये होऊन गेलं. त्या वर्षी त्या जमिनीच्या फळांना पावित्र्य येतं, म्हणून साली आणि उष्टं नेहमीच्या कचऱ्यात टाकत नाहीत, वेगळ्या डब्यात ठेवून कुजू देतात. न्यूयॉर्कहून आलेल्या मुलीला संत्र्याची साल कुठे टाकायची हे वर्षभर विचारावं लागतं.

दीड दिवसाचा सण

इस्रायलमध्ये पेसाह, शावुओत यांसारख्या सणांचा मुख्य दिवस एक, इस्रायलबाहेर दोन. प्राचीन काळी चंद्रदर्शनाची बातमी लांबच्या गावांना वेळेत पोचायची नाही, म्हणून तिकडे खबरदारीचा एक दिवस जास्त धरला आणि तो राहून गेला. मग वर्षभरासाठी आलेल्या परदेशी मुलीने किती पाळायचे? बहुतेक पंडितांच्या मते दोन, कारण ती परत जाणार. काहींच्या मते एक, कारण ती सध्या इथे आहे. आणि काहींच्या मते दुसऱ्या दिवशी सणाचे विधी करायचे नाहीत, पण कामही करायचं नाही. याला मुली सरळ ‘दीड दिवस’ म्हणतात. गणपती बसवणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. पंचाईत होते ती यजमान कुटुंबाची. त्यांचा सण संपलेला, सगळे कामाला लागलेले आणि बैठकीच्या खोलीत पाहुणी सणाच्या कपड्यांत बसलेली.

पुरीमच्या सणाला मात्र चंगळ. तेल अवीवला तो अदार महिन्याच्या १४ तारखेला, जेरुसलेम प्राचीन काळापासून तटबंदीचं शहर म्हणून तिथे १५ ला. बस पकडायची तयारी असेल तर दोन्हीकडे वेषांतर, दोन्हीकडे मिठाई.

परक्याच्या घरी शब्बात

दर काही आठवड्यांनी सेमिनरी मुलींना शब्बातसाठी बाहेर पाठवते. कुठे? ओळखीच्या किंवा सपशेल अनोळखी घरी. आठ पोरांचं घर, आई थकलेली, बाप गाणी म्हणतोय आणि टेबलाशी तीन अमेरिकन मुली. आठवड्यातली एक दुपारही अशीच. कोणी लेकुरवाळीच्या घरी कपडे घड्या घालायला जाते, कोणी आजींना वाचून दाखवायला. ही सेवा हजेरीत धरतात.

पेहरावाचं म्हणाल तर गुडघ्याखाली स्कर्ट, कोपराखाली बाही. मसादाचा डोंगर पहाटे चढायचा असला तरी जीन्सचा लांब स्कर्ट, खाली बूट. शनिवारी रात्री हा सगळा जथा बेन येहुदा रस्त्यावर उतरतो. फ्रेंच फ्राइज, गप्पा, न्यूयॉर्कचं इंग्रजी आणि रात्री दार बंद व्हायच्या आत परत. शुक्रवारी सकाळची फेरी महाने येहुदा बाजारातल्या मार्झिपान बेकरीत. तिथले चॉकलेटचे गरम रुगेलाख खाल्ल्याशिवाय कोणी वर्ष पुरं केल्याचं ऐकिवात नाही.

सायरन दोन प्रकारचे असतात, हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. सूर्यास्ताआधी ४० मिनिटं वाजणारा एकसुरी सायरन म्हणजे मेणबत्त्या लावा. खालीवर होणारा सायरन म्हणजे आसऱ्याच्या खोलीकडे पळा, गाझाकडून रॉकेट असेल तर हातात दीड मिनिट. २०२३ च्या ७ ऑक्टोबरला हमासने हल्ला केल्यानंतर बऱ्याच मुली घरी परतल्या. राहिलेल्यांनी सैनिकांसाठी स्वयंपाक केला, शेतांवर मजूर उरले नव्हते तिथे भाजी तोडायला गेल्या.

आपल्या बाजूच्या रेबेकाबाई

शब्बात पाळणारे लोक महाराष्ट्राला नवे नाहीत. कोकणातले बेने इस्रायल ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली. त्यांच्यातले हायम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली शाळा काढली, पुढे ती माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. तिथल्या मुख्याध्यापिका रेबेका रूबेन. १९०५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिल्या आल्या, इंग्लंडला जाऊन शिकल्या आणि परतून जवळजवळ तीन दशकं ही शाळा चालवली. क्राकोतली शिंपीण पंचवीस मुली गोळा करत होती त्याच सुमाराला या बाई बेने इस्रायल समाजाचं वार्षिक संपादित करत होत्या. यांच्याविषयी मराठीत आणखी लिहिलं जायला हवं.

परत येते ती वेगळीच

मुलगी जाताना जीन्स घालायची, परत आली ती लांब स्कर्टमध्ये, घरच्या फ्रीजमधलं अर्धं खाणं तिला चालेना. अमेरिकेतल्या पालकांची ही नेहमीची तक्रार, इतकी की २००७ मध्ये तीन अभ्यासकांनी या एका वर्षाच्या परिणामांवर अख्खं पुस्तक लिहिलं. पालकांची कीव येते खरी. पण अठराव्या वर्षी लेकीला सात समुद्रांपलीकडे पाठवायचं आणि ती होती तशीच परत यावी म्हणायचं, हे जरा जास्तच झालं.

पान क्रमांक दोन

तालमूदची २,७११ पानं रोज एक या हिशेबाने जगभर एकाच वेळी वाचली जातात. ही कल्पना रब्बी मेइर शापिरो यांची, सुरुवात १९२३. एक फेरी साडेसात वर्षांची. २०२० च्या जानेवारीत तेरावी फेरी संपली तेव्हा जेरुसलेमच्या बिन्यानेई हाउमा सभागृहात तीन हजारांवर बायका एकत्र आल्या. बायकांचा एवढा मोठा समारोप त्याआधी झाला नव्हता. तो भरवणारी हद्रान ही संस्था मिशेल कोहेन फार्बर यांनी उभी केली, त्या रोजचं पान शिकवतात. चालू फेरी ७ जून २०२७ ला संपते. नवी दुसऱ्याच दिवशी, ८ जूनला, सुरू होईल आणि पान क्रमांक दोनपासून. तालमूदच्या एकाही ग्रंथाला पान क्रमांक एक नाही.